रेणवीय स्फटिकांचे नियंत्रण

ज्या स्फटिकांचे घटक आयन किंवा सुटे अणू नसून संपूर्ण रेणू असतात, त्यांना रेणवीय स्फटिक म्हणतात. भाईंदरसारख्या ठिकाणच्या मिठागरांत पिकविलेले मीठ आयनी स्फटिकरूप असते. साखर, कापूर व बहुतेक औषधे यांचे स्फटिक मात्र रेणवीय असतात. त्यांतील रेणू हायड्रोजन बंध व व्हान डर वाल्स प्रेरणा यांसारख्या दुर्बल बंधांनी एकत्र राहतात. त्यामुळे तापमान, विद्रावक किंवा मलद्रव्ये यांत थोडा फरक पडला, तरी स्फटिकाची रचना, आकार वा पृष्ठगुण बदलू शकतात. या घटकांचे नियमन करून इष्ट स्फटिक मिळवितात.

साखर कारखान्यात निर्वात कढईतील पाक आटवून अतिसंतृप्त करतात व त्यात साखरेची अतिसूक्ष्म पूड बीज म्हणून घालतात. अतिसंतृप्तता मर्यादेत राखल्यास बीजांचीच वाढ होऊन एकसारखे दाणे मिळतात. ती फार वाढल्यास नवे बारीक दाणे निर्माण होतात व केंद्रोत्सारक यंत्रात मळी नीट अलग होत नाही. खडीसाखरेसाठी पाक सावकाश निववून दोऱ्यावर मोठे स्फटिक वाढवितात.

स्फटिकाची सावकाश वाढणारी पृष्ठेच अखेरीस विस्तृत होऊन त्याला आकार देतात. विशिष्ट पृष्ठांना चिकटणारे मलद्रव्य त्यांची वाढ रोखते. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिल्यास सूक्ष्मजंतूंमुळे त्यात डेक्स्ट्रान हे पॉलिसॅकॅराइड तयार होते. त्याच्या प्रभावाने साखरेचे दाणे लांबट होतात व त्यांच्यातील मळी काढणे कठीण जाते. शेतापासून कारखान्यापर्यंत झालेला विलंब अशा रीतीने दाण्याच्या आकारात प्रकट होतो. साखर तंत्रविद्येतील संशोधन व शिक्षण यांसाठी पुण्याजवळील मांजरी येथे १९७५ मध्ये संस्था स्थापन झाली. तिचे सध्याचे नाव वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट असे आहे.

दाण्यांच्या पृष्ठभागावरील ओलाव्यामुळेही साखरेचे गठ्ठे होतात. म्हणून पोत्यांत भरण्यापूर्वी ती वाळवून थंड करतात.

एकाच संयुगाचे रेणू भिन्न रचनांत स्फटिकीभूत होण्याच्या गुणधर्मास बहुरूपता म्हणतात. पॅरासिटामॉलाच्या नेहमीच्या एकनताक्ष रूपाची भुकटी दाबून गोळ्या करणे अवघड असते. समचतुर्भुजी रूप सहज दाबले जाते, परंतु ते कमी स्थिर असते. रिटोनाव्हिर या एचआयव्हीवरील औषधाचे अधिक स्थिर, पण कमी विद्राव्य रूप १९९८ मध्ये अनपेक्षितपणे उद्भवले. औषध पुरेसे विरघळेना, म्हणून त्याच्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या व औषध नव्या स्वरूपात सिद्ध करावे लागले. रेणू तोच असूनही केवळ रचनेतील बदलाने औषध निरुपयोगी ठरू शकते, हे या घटनेने दाखविले. त्यामुळे नव्या औषधाची संभाव्य रूपे शोधून ती क्ष-किरण विवर्तनाने ओळखणे हा औषधनिर्मितीचा आवश्यक भाग झाला आहे.