नव्या मत्स्यपेटींतील उतावीळपणा

समुद्रांतील रंगीबेरंगी मासे कांचेच्या पेटींत पाळावे, अशी हौस पुष्कळांस असते. पेटी आणावी, दर लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम समुद्री क्षार विरघळवावे आणि त्याच आठवड्यांत आठ मासे सोडावे, असा उतावीळपणा आम्हींही एकदां केला. दहा दिवसांत सहा मासे मेले. पाणी तर आरशासारखें स्वच्छ दिसत होतें! मग दोष कोणाचा?

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलें अन्न कुजूनही तो उत्पन्न होतो. हें विष डोळ्यांस दिसत नाहीं. एका जातीचे जीवाणू त्याचें नायट्राइट करितात, तेंही विषारीच. दुसरे जीवाणू त्यापासून पुष्कळ सौम्य असें नायट्रेट करितात. परंतु नव्या पेटींत हे सेवक अत्यल्प असतात; त्यांची पुरेशी वाढ होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. चूल पेटण्याआधींच पंगत बसावी, तशी आमची गत झाली.

म्हणून प्रथम मासे न सोडतां पेटींत किंचित् अन्न कुजूं द्यावें. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही शून्यावर आल्याचें परीक्षेंत दिसलें, म्हणजे एखादाच लहान मासा सोडावा. कांहीं आठवड्यांनीं पुन्हां परीक्षा करून मगच दुसरा आणावा. माशाची आजची नव्हे, पूर्ण वाढीची लांबी विचारावी. बोटाएवढा निळा टँग पुढें ३० सेंटिमीटरांपर्यंत वाढूं शकतो.

मुक्या जीवांस आपण हौसेनें घरीं आणितों. तेव्हां त्यांच्या श्वासाचा भार आपल्यावरच असतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.