दारावरचा दिवा कधी विझतो?

रुग्णालयाच्या मजल्यावर रात्री नजर टाकली की खोल्यांच्या दारांवर छोटे, चपटे दिवे दिसतात. नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंतच्या मोठ्या रुग्णालयांत आता ते सवयीचे झालेत. पेशंटने उशाजवळचं बटण दाबलं की दारावरचा दिवा लागतो, नर्सिंग स्टेशनच्या पॅनेलवर खोलीचा नंबर उमटतो आणि बझर वाजतो. इथवर विशेष काही नाही. विशेष आहे ते दिवा विझण्यात. चांगल्या यंत्रणेत तो स्टेशनवर बसून विझवता येत नाही. सिस्टरने खोलीत जाऊन, खाटेशेजारचं बटण दाबलं तरच हाक मिटते. म्हणजे कोणीतरी माणूस त्या माणसापाशी पोहोचल्याशिवाय यंत्र ऐकतच नाही!

नुसती बेल असती तर बोट उचलताच ती गप्प झाली असती. मग हाक लक्षात कोण ठेवतं? जुन्या यंत्रणांमध्ये हे काम एक रिले करतो. बटण दाबलं की त्याच्या छोट्या कॉइलमधून वीज जाते, कॉइलचं चुंबक होतं आणि ते एक पत्ती ओढून धरतं. पत्ती चिकटली की वीज तिच्यातून पुन्हा त्याच कॉइलला मिळू लागते. बोट उचललं तरी कॉइल स्वतःलाच धरून ठेवते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला कोणताही इलेक्ट्रिशियन हे वाचून म्हणेल, ‘अहो, हे तर स्टार्टरचं होल्डिंग!’ अगदी तेच. मोटार चालू ठेवणारी युक्ती इथे एका दुखणाइताची हाक जिवंत ठेवते. नव्या यंत्रणांत रिलेच्या जागी चिप आली, तत्त्व तेच राहिलं.

आणि ही कल्पना घरोघरी विजेचे दिवे येण्याच्याही आधीची आहे. 1853 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल लंडनच्या अप्पर हार्ले स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था पाहू लागल्या, तेव्हा त्यांनी घंटांबद्दल अट घातली: घंटा परिचारिकेच्या दाराबाहेर वाजावी, आणि प्रत्येक घंटेला अशी झडप असावी की ती वाजताच उघडेल आणि उघडीच राहील, म्हणजे कोणी बोलावलं ते परिचारिकेला दिसेल. तारा, दांड्या आणि घंटांच्या त्या काळात या बाईंना नेमकं कळलं होतं की आवाज विरून जातो, खूण मागे राहायला हवी. मला तरी नर्सिंगच्या इतिहासातला हा सगळ्यात देखणा तपशील वाटतो.

हाकेच्या पायऱ्याही असतात. गोदेला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात. पाणी गुडघ्याला आहे, कमरेला आहे की गळ्याशी आलंय, यावरून किती घाबरायचं ते ठरतं. तशीच खाटेवरची साधी हाक वेगळी, स्वच्छतागृहातली वेगळी आणि कोड ब्लूची, म्हणजे हृदय किंवा श्वास थांबल्याची, अगदीच वेगळी. दिव्याचा रंग आणि बझरची लय बदलत जाते. स्वच्छतागृहातली दोरी जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबते, कारण तिथे हाक मारणारा बहुधा पडलेला असतो. हात-पाय न हलवता येणाऱ्यांसाठी नळीत फुंकर मारून किंवा गालाने गादी दाबून हाक देता येते. एक फुंकर, आणि बाहेरचा दिवा लागतो!

पण तारच तुटली तर? म्हणून चांगल्या यंत्रणेत तारेच्या टोकाला एक रेझिस्टर बसवलेला असतो आणि सर्किटमधून सतत अगदी थोडी वीज वाहत असते. ती थांबली की पॅनेलला समजतं, इथे काहीतरी तुटलंय. खाटेजवळची बटणाची वायर उपसून निघाली तरी ती हाकच धरली जाते. म्हणजे यंत्र स्वतः मुकं झालं, तर त्याचीही बोंब मारतं.

बेशुद्ध रुग्णाच्या वतीने हाक मारणारीही यंत्रणा असते. ऑक्सिजनच्या पाइपलाइनमध्ये साधारण 4 बार दाब असतो. तो 20 टक्क्यांनी ढळला की अलार्म व्हायला हवा. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा विस्कळीत झाला आणि त्या दिवशी 22 रुग्ण गेले. तो दिवस आठवला की दाबाचा तो काटा किती मोलाचा आहे ते कळतं. अलार्म फक्त काही मिनिटं हाती देतो. त्या मिनिटांत जोडायला दुसरा साठा तयारच लागतो.

हाक उलट्या दिशेनेही लागते; कधी परिचारिकेलाच मदत हवी असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 27 नोव्हेंबर 1973 च्या संध्याकाळी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तळघरात हल्ला झाला. त्या सापडल्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढची जवळजवळ 42 वर्षं सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. आज कर्मचाऱ्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर अलार्मचं बटण देता येतं, आणि त्यात एक सुंदर युक्ती आहे. रेडिओ लहरी भिंतीतून आरपार जातात, म्हणून नेमकी खोली सांगणं अवघड होतं. अवरक्त किरणांना भिंत ओलांडता येत नाही. बिल्ल्याचा किरण ज्या खोलीतल्या रिसीव्हरला दिसला, माणूस त्याच खोलीत! भिंतीची अडचणच इथे पत्ता सांगते. रात्रपाळीत एकट्या वावरणाऱ्या सिस्टरसाठी हे चैनीचं नव्हे, हक्काचं साधन आहे.

आवाज मात्र फार झाले की कान मरतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2013 मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार साडेतीन वर्षांत अलार्मशी निगडित 98 घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या 80 घटनांत रुग्णाचा मृत्यू झाला. त्यामागे एक मोठं कारण सतत वाजणाऱ्या अलार्मचा शीण हे होतं.

आपल्याकडे खाटेजवळ नातेवाईक असतो, तोच धावत जाऊन ‘सिस्टर, सलाईन संपलंय’ सांगतो, म्हणून बटणाकडे लक्षच जात नाही. पण आयसीयूत नातेवाईक बाहेर असतो, आणि वृद्धाश्रमात तर बहुधा नसतोच. घरातलं कोणी दाखल झालं की पहिल्याच दिवशी सिस्टरना सांगून बटण एकदा दाबून पाहा, दिवा लागतो का बघा, आणि ते पेशंटच्या चालत्या हाताला लागेल असं ठेवा. स्वच्छतागृहातली दोरी कोणी गुंडाळून वर बांधली असेल, तर लगेच सोडा.