बंब गेला, गीझर आला!

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला ऊन पाणी मिळाले नाही, तर पुढच्या फराळालाही चव येत नाही. पूर्वी ही जबाबदारी तांब्याच्या बंबाकडे असे. त्याचे दुखणे डोळ्यांना दिसे: लाकडे ओली, राख साचलेली, नाही तर तोटी गळकी. गीझरचे तसे नाही. तो आजारी पडला की मुकाट बसतो, किंवा साऱ्या घरात अंधार करतो!

आमच्या उमरेडचा उन्हाळा असा, की गीझर निम्मे वर्ष निजलेलाच असतो. थंडीची चाहूल लागून खटका दाबावा, तो आरसीसीबी खाली पडतो. गेल्या वर्षी आमच्याकडे हेच झाले. मी तर्कशास्त्रातली अन्वय-व्यतिरेकाची जुनी रीत धरली: अमुक असता घडते, नसता घडत नाही. गीझरचा प्लग काढून आरसीसीबी वर केला, तो टिकला. इतर उपकरणे एकेक लावली; तरी टिकला. गीझरचा प्लग घातला मात्र, पुन्हा पडला. चोर सापडला! येथे नुसता खटका बंद करून भागत नाही. तो पुष्कळदा फेजच तोडतो. न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणून कोरड्या हाताने प्लगच काढावा.

पुढचे काम वायरमनचे. त्याने मेगर लावून सांगितले, "सर, कॉइलला ओल धरली आहे." कॉइलची तार आणि बाहेरचे नळकांडे यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. वीज अडवणारी ही भुकटी ओल शोषते, आणि मग वीज झिरपू लागते. आमची कॉइल वाळवून कामास आली. नळकांडे क्षारांनी तडकलेले असते, तर ती बदलावीच लागली असती. दिवा लागूनही पाणी थंड राहिले, तर अनेक गीझरांत कॉइलची तार तुटलेली असते. तापण्याचा दिवा लागतच नसेल, तर थर्मोस्टॅट किंवा कटआउट तपासावा.

शेजारच्या काकांचा सल्ला मात्र सोपा होता: "आरसीसीबीच काढून टाका, कटकट मिटेल!" वाचकहो, हा सल्ला कधीही मानू नका. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर वीज घेतो. त्याच्यासाठी बसवलेला १६ अँपिअरचा एमसीबी एक दशांश अँपिअरच्या गळतीकडे ढुंकूनही पाहत नाही. आणि तेवढी वीज अंगातून गेली, तर माणूस दगावू शकतो. माणसासाठी बसवलेला आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच क्षणार्धात वीज तोडतो. त्याच्या जोडीला अर्थिंगही धड हवे. नाही तर गीझरची टाकी आणि तोटीसुद्धा विजेने भारली जाण्याची भीती.

आरसीसीबीवर तपासणीचे एक छोटे बटण असते. वीज चालू असताना ते दाबून पाहा. खटका पडला, तर राखणदार जागा आहे. पडला नाही, तर आधी वायरमनला बोलवा. उटणे मग भिजवा!