निवडणूक निधी व खर्च, भारतातील

निवडणूक लढविण्यासाठी उमेदवार व राजकीय पक्ष यांनी उभारलेला पैसा कोणाकडून आला आणि तो कशावर खर्च झाला, याची विश्वसनीय माहिती मतदारास उपलब्ध असणे, यास निवडणूक निधीची पारदर्शकता म्हणतात. या विषयाच्या दोन बाजू आहेत. देणगीदाराने देणगीच्या बदल्यात परवाना, कंत्राट अथवा करसवलत मिळविणे हा प्रत्यक्ष भ्रष्टाचार होय. असा व्यवहार झाला असावा हा लोकांचा समज ही दुसरी बाजू असून ती पहिलीइतकीच महत्त्वाची मानली जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बक्‌ली विरुद्ध व्हॅलिओ (१९७६) या खटल्यात देणग्यांवरील मर्यादा वैध ठरविताना प्रत्यक्ष भ्रष्टाचाराबरोबरच भ्रष्टाचाराचा आभास टाळणे हेही विधिमंडळाचे रास्त उद्दिष्ट मानले. खर्चावरील मर्यादा मात्र त्याच निकालात रद्द केल्या. देणगी गुप्त राहिली की प्रामाणिक साहाय्य आणि लाच यांतील फरक बाहेरील माणसास ओळखता येत नाही. मग सर्वच उमेदवार सारखे, अशी भावना बळावते आणि तिचा तोटा प्रामाणिक उमेदवारास अधिक होतो.

उमेदवाराच्या खर्चावर कायद्याने मर्यादा घालण्याची कल्पना ब्रिटिश आहे. १८८३ च्या तेथील भ्रष्ट व अवैध आचरण प्रतिबंधक कायद्याने उमेदवाराच्या खर्चास कमाल मर्यादा घातली, तो खर्च निवडणूक प्रतिनिधीमार्फतच करण्याचे बंधन घातले आणि हिशेब सादर करणे सक्तीचे केले. भारताच्या लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील संबंधित तरतुदी याच घाटाच्या आहेत. त्याच्या कलम ७७ नुसार उमेदवाराने आपल्या खर्चाचा वेगळा व अचूक हिशेब ठेवावयाचा असतो. कलम ७८ नुसार निकालानंतर ३० दिवसांच्या आत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल करावयाचा असतो. मर्यादेबाहेर खर्च करणे हे कलम १२३(६) खाली भ्रष्ट आचरण ठरते आणि हिशेब विहित रीतीने न दिल्यास निवडणूक आयोग कलम १०-क खाली उमेदवारास तीन वर्षांपर्यंत अनर्ह ठरवू शकतो. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावयास हवा. मर्यादेचे उल्लंघन हे भ्रष्ट आचरण असले, तरी केवळ खोटा हिशेब ठेवणे हे त्या व्याख्येत बसत नाही, असे न्यायालयांनी ठरविले आहे. त्यामुळे निवडणूक याचिका यशस्वी होण्यासाठी प्रतिस्पर्ध्यास प्रत्यक्ष खर्च मर्यादेपलीकडे गेल्याचे सिद्ध करावे लागते. ज्या खर्चाची पावतीच नसते त्याच्या बाबतीत हे जवळजवळ अशक्य असते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी लोकसभेच्या एकसदस्य मतदारसंघासाठी ही मर्यादा २५ हजार रुपये होती. १९८४ मध्ये मोठ्या राज्यांत ती दीड लाख, १९९४ मध्ये साडेचार लाख व १९९७ मध्ये १५ लाख रुपये झाली. पुढे २००३ मध्ये २५ लाख, २०११ मध्ये ४० लाख, २०१४ मध्ये ७० लाख आणि जानेवारी २०२२ मध्ये ९५ लाख रुपये असे तिचे टप्पे आहेत. २०२२ च्या बदलानुसार महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवारासाठी मर्यादा ४० लाख रुपये ठरली. गोव्यात लोकसभेसाठी ती ७५ लाख व विधानसभेसाठी २८ लाख रुपये ठरली. हे आकडे प्रत्यक्ष खर्चाच्या मागोमाग धावत आले आहेत, त्यांनी खर्चास लगाम घातला असे म्हणता येत नाही. जून २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईतील एका कार्यक्रमात आपल्या २००९ च्या लोकसभा निवडणुकीचा खर्च आठ कोटी रुपये झाल्याचे जाहीरपणे सांगितले. त्या निवडणुकीस मर्यादा २५ लाखांची होती. आयोगाने त्यांना नोटीस बजावून खुलासा मागविला, त्यांचे सदस्यत्व मात्र कायम राहिले. या प्रसंगात लोकांस आश्चर्य वाटले ते आकड्याचे नव्हे, तर तो उघडपणे सांगितला गेला याचे.

या कायद्याची खरी कमकुवत बाजू पक्षाच्या खर्चाशी निगडित आहे. दिल्लीतील एका मतदारसंघाच्या १९७१ च्या निवडणुकीसंबंधीच्या कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी ऑक्टोबर १९७४ मध्ये असा निर्णय दिला, की पक्षाने किंवा हितचिंतकांनी उमेदवारासाठी केलेला व उमेदवाराने मूकपणे स्वीकारलेला खर्चही त्याच्याच खर्चात धरला पाहिजे. मर्यादेमागील हेतू पाहता हा अर्थ सरळ होता. तथापि त्याच महिन्यात वटहुकूम काढून आणि नंतर संसदेत अधिनियम संमत करून कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडण्यात आले व पक्ष किंवा अन्य व्यक्ती यांनी केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळण्यात आला. १९७५ च्या दुरुस्तीने खर्च मोजण्याचा काळही निवडणुकीच्या अधिसूचनेऐवजी उमेदवारीच्या तारखेपासून धरला जाऊ लागला. रायबरेलीच्या निवडणूक याचिकेची पार्श्वभूमी या दुरुस्त्यांना होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये नल्ला थंपी खटल्यात हे स्पष्टीकरण घटनाबाह्य ठरविण्यास नकार दिला. अहमदनगर मतदारसंघाच्या १९९१ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या यशवंतराव गडाख विरुद्ध बाळासाहेब विखे पाटील या खटल्यात न्यायालयाने १९९३ मध्ये या तरतुदीमुळे मर्यादा निरर्थक झाल्याबद्दल खेद व्यक्त केला. ‘कॉमन कॉज’ खटल्यात (१९९६) त्याने, आयकर विवरणे न भरणाऱ्या पक्षाने केलेला खर्च त्या सवलतीस पात्र नाही, असे ठरवून काहीसा अंकुश आणला. अखेर २००३ च्या दुरुस्तीने स्पष्टीकरण बदलले. तेव्हापासून मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० व इतर नोंदणीकृत पक्षाच्या २० प्रमुख प्रचारकांचा प्रवासखर्च एवढाच उमेदवाराच्या हिशेबाबाहेर राहतो. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारास मात्र कोणतीही मर्यादा नाही. लोकसभेनंतर ९० व विधानसभेनंतर ७५ दिवसांत पक्षांनी आयोगाकडे विवरण द्यावयाचे असते, एवढेच.

कंपन्यांच्या देणग्यांचा इतिहास अधिक नागमोडी आहे. दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या सुमारास टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या नियमपत्रात बदल करून राजकीय पक्षांस देणगी देण्याचा अधिकार घेतला. त्यास एका भागधारकाने हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी १९५७ मध्ये प्रचलित कायद्यानुसार हा बदल मान्य केला. पण त्याच निकालपत्रात, या प्रथेतून लोकशाहीचा गळा आवळला जाऊ शकतो, असा इशारा देऊन त्यांनी संसदेचे लक्ष या धोक्याकडे वेधले. १९६० मध्ये कंपनी अधिनियमात देणगीवर मर्यादा घालण्यात आली: २५ हजार रुपये किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या पाच टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर संपूर्ण बंदी आली. तिच्यामागे मक्तेदारीविरोधी वातावरण होते, तसेच मोठ्या उद्योगांचा पैसा विरोधी पक्षांकडे वळत असल्याची सत्ताधाऱ्यांची चिंताही होती. पक्षांची गरज संपली नव्हती. त्यामुळे पैसा बंद न होता चोरवाटेने, म्हणजे रोखीने व हिशेबाबाहेर, येऊ लागला. परवाना-पद्धतीच्या त्या काळात काळा पैसा व निवडणूक यांची जी सांगड पडली, ती १९८५ मध्ये बंदी उठविल्यावरही सुटली नाही. १९८५ च्या तरतुदीने सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत देणगी देता येई आणि ती नफातोटा-पत्रकात दाखवावी लागे. कंपनी अधिनियम, २०१३ ने हे प्रमाण साडेसात टक्के केले.

पक्षांचे उत्पन्न आयकरमुक्त करताना १९७८ मध्ये हिशेब व लेखापरीक्षण यांची अट घालण्यात आली. २००३ पासून २० हजार रुपयांहून अधिक देणगी देणाऱ्यांची नावे दरवर्षी निवडणूक आयोगास कळविणे पक्षांवर बंधनकारक आहे. हा आकडाच पळवाट ठरला. २० हजारांखालील देणगीदारांची नावे देण्याची गरज नसल्याने मोठी रक्कम लहान तुकड्यांत दाखविणे सोपे होते. एका राष्ट्रीय पक्षाने तर सलग अनेक वर्षे आपणास २० हजारांवरील एकही देणगी मिळाली नसल्याचे कळविले. २०१७ मध्ये रोख देणगीची मर्यादा दोन हजार रुपयांवर आणली गेली. नाव जाहीर करण्याची मर्यादा मात्र होती तेथेच राहिली.

याच २०१७ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी निवडणूक रोख्यांची योजना मांडली. ती २ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित झाली. भारतीय स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून एक हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख व एक कोटी रुपयांचे रोखे विकत घेता येत. पक्षाने ते पंधरा दिवसांत वटवावयाचे असत. रोख्यावर देणगीदाराचे नाव नसे आणि पक्षासही ते आयोगास कळवावे लागत नसे. कंपन्यांवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा व कोणत्या पक्षास देणगी दिली हे सांगण्याचे बंधन वित्त अधिनियमाने काढून टाकले. व्यवहार बँकेतून होत असल्याने पैसा पांढरा राहतो आणि नाव गुप्त राहिल्याने प्रतिस्पर्धी पक्षाच्या सूडापासून देणगीदाराचे रक्षण होते, असे समर्थन केले गेले. सूडाची भीती काल्पनिक नव्हती, हे मान्य केले पाहिजे. परंतु रोखे विकणारी बँक सरकारी होती. देणगीदाराचे नाव सरकारला कळण्याची शक्यता होती व मतदारास कळण्याची मुळीच नव्हती. गुप्ततेचा पडदा अशा प्रकारे एकाच बाजूने अपारदर्शक होता. रिझर्व्ह बँक व निवडणूक आयोग या दोघांनीही २०१७ मध्येच प्रतिकूल मत नोंदविले होते.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना एकमताने रद्द केली. मतदाराचा माहितीचा हक्क हा अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असून योजनेने त्याचा भंग होतो आणि तोट्यातील कंपन्यांसही अमर्याद देणगीची मुभा देणे मनमानी आहे, असे पीठाने म्हटले. छागला यांच्या १९५७ च्या इशाऱ्याचा आधार या निकालातही घेतलेला आहे. स्टेट बँकेने तपशील देण्यास ३० जूनपर्यंत मुदत मागितली. ११ मार्च रोजी न्यायालयाने ती नाकारली आणि १४ मार्चपासून याद्या प्रसिद्ध झाल्या. २०१८ पासून एकूण सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. सर्वांत मोठा वाटा भारतीय जनता पक्षास मिळाला, परंतु राज्यांत सत्तेवर असलेल्या इतर पक्षांच्या रकमाही मोठ्या होत्या. खरेदीदारांत तपास यंत्रणांची कारवाई सुरू असलेल्या व सरकारी कंत्राटे मिळालेल्या कंपन्या आढळल्याने देवघेवीचा संशय व्यक्त झाला. तारखांचा योगायोग हा पुरावा नव्हे, हे खरे. पण जो संशय टाळण्यासाठी पारदर्शकता हवी, तो सहा वर्षांच्या गुप्ततेने अधिक दाट केला. विशेष तपास पथक नेमण्याची मागणी न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली. योजना रद्द झाल्यानंतर निवडणूक न्यासांचे महत्त्व वाढले. २०१३ च्या योजनेनुसार या न्यासांना मिळालेल्या देणग्यांपैकी ९५ टक्के रक्कम त्याच वर्षी पक्षांना वाटावी लागते आणि देणारा व घेणारा या दोघांची नावे कळवावी लागतात. कोणत्या कंपनीचा पैसा कोणत्या पक्षास गेला हे मात्र सामाईक न्यासात स्पष्ट होत नाही.

उमेदवाराच्या स्वतःच्या मालमत्तेविषयीची पारदर्शकता ही सर्वस्वी न्यायालयाची देणगी आहे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील प्राध्यापकांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या लोकशाही सुधारणा संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी उमेदवारांनी गुन्हे, मालमत्ता, देणी व शिक्षण यांची माहिती शपथपत्राने देण्याचा आदेश दिला. संसदेने कायदा करून त्यातील बराचसा भाग निष्प्रभ केला. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने तो कायदा त्या मर्यादेत रद्द केला. २०१८ पासून उमेदवार, जोडीदार व अवलंबित यांच्या उत्पन्नाचा स्रोतही सांगावा लागतो. या शपथपत्रांनुसार लोकसभेतील कोट्यधीश सदस्यांचे प्रमाण २००९ मध्ये ५८ टक्के होते, ते २०२४ मध्ये ९३ टक्के झाले. रुपयाचे घटते मूल्य व जमिनीचे वाढते भाव हिशेबात धरले, तरी निवडणूक कोणास परवडते याचा बोध या आकड्यांतून होतो.

निवडणूक आयोगाने २०१० पासून खर्चावर देखरेख ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. खर्च निरीक्षक, भरारी पथके, चित्रीकरण पथके आणि उमेदवाराच्या हिशेबाशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली समांतर नोंदवही ही तिची साधने आहेत. मंडप, खुर्च्या, वाहने, चहा-नाश्ता यांचे स्थानिक दर आधीच ठरवून त्यांनुसार खर्च मोजला जातो. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा खर्च दडविल्याबद्दल उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अनर्ह ठरविले. रक्कम २१,२५० रुपये होती. हिशेबाच्या खरेखोटेपणाची चौकशी करण्याचा आयोगाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये अशोक चव्हाण यांच्या प्रकरणात मान्य केला. मतदारांना थेट पैसे वाटण्याच्या प्रकारांवरून तमिळनाडूतील अरवकुरिची व तंजावर येथील विधानसभा निवडणुका २०१६ मध्ये आणि वेल्लोरची लोकसभा निवडणूक एप्रिल २०१९ मध्ये रद्द करण्यात आली. २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत जप्त केलेली रोकड, मद्य, अमली पदार्थ व मौल्यवान धातू यांची किंमत सुमारे ३,४७५ कोटी रुपये होती. जप्ती हा प्रवाहाचा केवळ हाती लागलेला भाग होय.

शासनाने निवडणुकीचा खर्च उचलावा, ही सूचना जुनी आहे. इंद्रजित गुप्त समितीने (१९९८) मान्यताप्राप्त पक्षांना वस्तुरूपाने अंशतः साहाय्य देण्याची शिफारस केली; विधी आयोगाने १९९९ च्या अहवालात त्यापूर्वी पक्षांतर्गत लोकशाही व हिशेब यांचे नियमन आवश्यक मानले आणि मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात संपूर्ण शासकीय निधी तूर्त व्यवहार्य नसल्याचे म्हटले. जर्मनीत शासकीय अनुदान आहे, पण तेथे पक्षांनी आपल्या निधीच्या स्रोतांचा जाहीर हिशेब द्यावा असे बंधन मूलभूत कायद्याच्या अनुच्छेद २१ मध्येच आहे. भारतात केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कायद्याखालील सार्वजनिक प्राधिकरणे ठरविले. परंतु त्यांपैकी एकाही पक्षाने माहिती अधिकारी नेमून त्या आदेशाची अंमलबजावणी केली नाही.