चौदावे कर्मादान आणि अंगणातील तळे

आदिलाबादहून निर्मळच्या वाटेने निघालेला प्रवासी शहर मागे पडते न पडते तोच मावल्यास पोहोचतो, आणि महामार्गाच्या कडेला पसरलेल्या तलावाकडे त्याची दृष्टी आपोआप वळते. कापसाच्या मोसमात या मार्गाने आपल्यापैकी अनेकांचे नित्य जाणे-येणे असते. तथापि या पाण्याचे खरे वैभव पाहावयाचे असेल तर मृगाच्या पहिल्या पावसानंतरच्या सायंकाळी या बाजूस यावे. जमिनीच्या पोटात आठ-नऊ महिने निद्रिस्त राहिलेले बेडूक त्या एका सरीने जागे होतात, हळदीसारखा पिवळा वर्ण धारण केलेले मोठे नर डबक्याडबक्यांतून साद घालू लागतात, आणि रात्र त्या स्वराने भरून जाते. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी मात्र सांगतात की, पूर्वी ही साद अंगणात बसून ऐकू येई. आता तिच्यासाठी गावाबाहेर जावे लागते.

ही केवळ वृद्धांची हळहळ नव्हे. जगातील आठ हजारांहून अधिक उभयचर जातींची पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तीनुसार त्यांपैकी सुमारे 41 टक्के जाती नष्ट होण्याच्या संकटात आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतकी हलाखी दुसऱ्या कोणत्याही मोठ्या वर्गाची नाही. अधिवासाचा नाश, एक बुरशीजन्य रोग आणि बदलते हवामान ही त्याची प्रमुख कारणे होत. पहिल्या कारणाचा संबंध थेट आपल्याशी, म्हणजे जमीन घेणाऱ्या, विकणाऱ्या व तिच्यावर बांधकाम करणाऱ्या वर्गाशी येतो, म्हणून या स्मरणिकेत हा विषय मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

उपासकदशांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. आनंद हा कोणी विरक्त संन्यासी नव्हता. 12 कोटी सुवर्णमुद्रांचा धनी, 500 नांगरांची शेती व 40 हजार गाईंचे गोधन बाळगणारा तो गृहस्थ होता. भगवान महावीरांपाशी त्याने श्रावकाची बारा व्रते घेतली, त्या प्रसंगी श्रावकाने वर्ज्य करावयाचे 15 व्यवसाय सांगितले आहेत. त्यांनाच आपण पंधरा कर्मादाने म्हणतो. विषाचा व्यापार, जंगल तोडण्याचा व्यवसाय, वणवा लावणे ही त्यांतील काही नावे आपणांस परिचित आहेत. चौदाव्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. ते आहे सरोवर, डोह व तळी आटविणे. पाणी आटले की त्यातील असंख्य जीव एकाच वेळी आश्रयहीन होतात, हे जाणून आपल्या आचार्यांनी या कामास वणव्याच्या जोडीस बसविले आहे. आज तळे आटविण्यास रहाट लागत नाही. मुरमाच्या दहा-वीस गाड्या पुरेशा होतात, आणि त्या जागी भूखंडाचे चार दगड उभे राहतात.

येथे कोणी म्हणेल की, मोठी तळी तर सरकार राखीत आहे. ते खरे आहे. काकतीय राजांच्या काळापासून तेलंगणाची ख्याती तलावांचा प्रदेश अशीच आहे, आणि 2015 साली आरंभलेल्या ‘मिशन काकतीय’ योजनेत 46 हजारांवर तलावांच्या पुनरुज्जीवनाचा संकल्प करण्यात आला होता. परंतु बेडकाची गरज निराळी आहे. मोठ्या तलावात मासे असतात, आणि बेडकाची अंडी व पिले हे माशांचे आवडते खाद्य होय. म्हणूनच बहुतेक जाती अंडी घालण्यासाठी पावसाने भरलेले, उथळ, मासे नसलेले लहानसे पाणी शोधतात. शेताच्या बांधालगतचा खळगा, ओढ्याकाठचे डबके, परसातील पाणी हीच त्यांची प्रसूतिगृहे. महसुली दप्तरात यांची तळे म्हणून नोंद नसते, त्यामुळे ती बुजविताना कोणाची अनुमतीही मागावी लागत नाही. मावल्याचा तलाव सुरक्षित राहिला तरी ही लहान पाणी-स्थाने गेली की त्यांतील जीवसृष्टी गेलीच. ब्रिटनमध्ये शेतांतील तळी मोठ्या प्रमाणावर बुजली, तेव्हा तेथील सामान्य बेडकाला आधार मिळाला तो घरांमागच्या बागांतील लहान तळ्यांचा. जे तेथे घडले ते आपल्या अंगणात का घडू नये?

या विषयाकडे आम्ही कसे वळलो, ते सांगणे प्राप्त आहे. आमच्या घरामागे उभ्या भिंतींचा जुना सिमेंटचा हौद आहे. एका पावसाळी सकाळी त्यात दोन बेडूक व एक खार मृत आढळली. आत पडलेल्या जीवास वर येण्यास आधारच नव्हता. ज्या घरात पाणी गाळल्याविना ओठांस लावीत नाहीत, सूर्यास्तानंतर अन्नग्रहण करीत नाहीत, त्या घरच्या हौदाने हे जीव घेतले होते. आम्हांस अतिशय लज्जा वाटली. त्याच दिवशी हौदात विटांचा उतार रचला व एक खरखरीत फळी तिरकी बसविली. पुढील वर्षी त्याच उतारावरून नखाएवढी बेडकाची पिले रांगेने बाहेर पडताना घरातील मुलांनी पाहिली.

आपल्या जिनिंग कारखान्यांत आगीच्या भीतीने असे हौद राखलेले असतात. त्यांत एक उतार करून देण्यास खर्च तो किती येणार? नवे तळे करण्यापूर्वी हे पहिले काम करावे, अशी आमची विनंती आहे. जमीन खणणे हाही आरंभ आहे, पृथ्वीकायाची हिंसा आहे, असा जो आक्षेप धर्मशील मंडळी घेतात, त्याचेही उत्तर यात आहे. जुना हौद, दगडी कुंड किंवा मोठी नांद उपलब्ध असता नव्याने खणण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप डासांचा, आणि तो उपेक्षणीय नाही. डेंग्यूचा डास मुख्यत्वे कूलर, पिंप, टाकलेले टायर व कुंडीखालच्या बशा यांतील थोड्याशा स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून अशी भांडी दर आठवड्यास रिकामी करून आतून घासून कोरडी करावी, कारण भांड्याच्या कडांना चिकटलेली डासाची अंडी नुसत्या कोरडेपणाने मरत नाहीत. जिवंत तळ्याची गोष्ट वेगळी. तेथे चतुराच्या अळ्या व पाणकिडे वास करतात व डासांच्या अळ्यांना फारसे वाढू देत नाहीत. यातही जीवहानी आहेच, हे आम्ही नाकारीत नाही. पण निसर्गाचा तो क्रम वेगळा व आपल्या हातांनी ओतलेले विष वेगळे. सोडून दिलेले, कुजलेले पाणी मात्र कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही.

ज्यांच्या मनात तळे करावयाचे आहे, त्यांच्यासाठी काही अनुभवाच्या गोष्टी सांगतो. आरंभ मृगाच्या सुमारास करावा. एक बाजू चार बोटे खोल इतकी उथळ व दुसरी दीड-दोन फूट असावी. अर्धा दिवस ऊन व अर्धा दिवस सावली मिळेल अशी जागा निवडावी. पाणी पावसाचे उत्तम. नळाचे असल्यास त्यातील क्लोरीन उडून जाण्यासाठी ते एक-दोन दिवस उघडे ठेवावे. कुमुदासारख्या देशी पाणवनस्पती लावाव्या, जलपर्णी कदापि आणू नये. शोभेचे मासे सोडू नयेत, आणि डासांच्या बंदोबस्तासाठी मिळणारे गप्पी किंवा गंबुशियाही सोडू नयेत. ते बेडकाच्या पिलांनाही सोडीत नाहीत. अंडी वा बेडूक दुसरीकडून आणू नयेत, कारण त्यांबरोबर रोग येतो. पाणी झाले की जीव आपण होऊन येतात. आधी चतुर, मग बेडूक, मग तहानलेली पाखरे. काठाशी दगड व पालापाचोळ्याचा ओलसर ढीग असू द्यावा. लहान मुले असलेल्या घरांत कुंपण अवश्य घालावे. मे महिन्यात तळे आटले तरी खंत करू नये. आपले बेडूक उन्हाळा मातीत काढण्यास सरावलेले आहेत. पाखरांसाठी एक परळ भरून ठेवले म्हणजे झाले.

व्यापारी म्हणून आणखी एका इतिहासाचे स्मरण ठेवणे आपले कर्तव्य आहे. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठविण्यात आपला देश एके काळी अग्रेसर होता. 1980 च्या सुमारास ही निर्यात वर्षाला हजारो टनांच्या घरात होती. भातखाचरांतून बेडूक नाहीसे होऊ लागले, पिकांवरील किडींचा धाक वाटू लागला, आणि 1987 साली शासनाने या निर्यातीवर बंदी घातली. परकीय चलन मिळत होते, पण शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार विकून ते मिळत होते. जमाखर्चाची ही चूक ओळखण्यास धर्मग्रंथांचीही गरज नव्हती.

आपल्याकडे पाणी गाळल्यावर गाळण्यातील जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत हलक्या हाताने परत सोडण्याची रीत आहे. जीव न मारणे एवढ्याने हे व्रत पुरे होत नाही. त्याला त्याच्या पाण्यात पोहोचते करावे लागते. ते पाणीच उरले नाही, तर पोहोचवावयाचे कोठे?

म्हणून सभासद बंधूंस एवढेच सांगणे आहे की, यापुढे जमिनीचा व्यवहार करताना सातबारा व पहाणीपत्रक पाहाल, तेव्हा त्या जमिनीवर पावसाळ्यात एकदा प्रत्यक्ष जाऊन या. जेथे पाणी साचते व बेडूक बोलतो, तो कोपरा नकाशात मोकळा ठेवा. मोजणीत दोन भूखंड कमी भरतील. ते आनंद श्रावकाच्या चौदाव्या नियमाच्या खाती मांडावे.