मागच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोहोचतो?

मागच्या भागात आपण माइक आणि स्पीकर पाहिले. आज त्या दोघांमधला आवाजाचा प्रवास पाहू, कारण हल्ली हा प्रवास आकड्यांचा झाला आहे.

आपल्या रायपुरात सायन्स कॉलेजच्या मैदानासारख्या मोकळ्या जागी कार्यक्रम असला, की पुढच्या रांगेतल्यांचे कान किटतात आणि मागे बसलेल्या आजोबांना एक वाक्य धड कळत नाही. मग आयोजक आणखी मोठे स्पीकर मागवतात. खरं तर तिथे जोर वाढवण्यापेक्षा वेळ जुळवण्याची गरज असते. ती जुळवणं डिजिटल यंत्रणेमुळे सोपं झालं आहे.

आधी आकडे कसे होतात ते पाहू. माइकमधून येणारी विजेची लहर यंत्र ठरावीक अंतराने मोजतं. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. ती लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करायची, तर तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावी लागते. म्हणून सीडीमध्ये सेकंदाला ४४,१०० आणि कार्यक्रमांच्या यंत्रणेत बहुधा ४८,००० नमुने घेतात. प्रत्येक नमुना किती बारीक मोजायचा, ते बिट ठरवतात. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. २४ बिट म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख. मात्र सर्वांत वरच्या पायरीच्या पुढे आकडाच नसतो. आवाज तिथे धडकला की लहरीचा माथा कापला जातो आणि तो पुढे कोणत्याही यंत्राने नीट होत नाही. म्हणून मिक्सरवर लाल दिवा लागू देऊ नका. भाषणाची सर्वांत मोठी उसळीसुद्धा उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा.

आता जाळं. पूर्वी मंचापासून मिक्सरपर्यंत तांब्याच्या तारांचा मनगटाएवढा जाड जुडगा ओढावा लागे. जनरेटरची घरघर त्यात शिरायची ती वेगळीच. आज संगणकाची एक नेटवर्क केबल पुरते. हिशेब करून पाहा: ४८,००० नमुने गुणिले २४ बिट, म्हणजे एका माइकसाठी सेकंदाला साधारण ११.५ लाख बिट. असे ६४ माइक धरले तरी ७४ मेगाबिट होतात. पाकिटांवरच्या पत्त्यांचा बोजा धरूनही गिगाबिट केबलला हे ओझं किरकोळ आहे. डान्टे ही ऑस्ट्रेलियातल्या ऑडिनेट कंपनीची पद्धत यासाठी फार वापरली जाते. वेगवेगळ्या पद्धतींची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून एईएस६७ हे मानक २०१३ मध्ये आलं.

या जाळ्याचा प्राण म्हणजे घड्याळ. सैन्यात मोहिमेआधी सगळ्यांची घड्याळं एकाच घड्याळाशी जुळवतात. इथेही तसंच. एक यंत्र वेळ देतं, बाकीची पाळतात. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत फक्त दहाचा फरक पडला, तरी दर दोन सेकंदांनी जवळपास एक नमुना कमी-जास्त होतो आणि मधूनमधून टकटक ऐकू येते. म्हणून आवाजाचं जाळं सीसीटीव्ही आणि इंटरनेटपासून वेगळं ठेवा. वाय-फायवर विसंबू नका. तांब्याची केबल १०० मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे फायबर वापरा.

आता मैदानावर येऊ. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साध्या स्पीकरचा आवाज ६ डेसिबलने उतरतो. मंचापासून ८० मीटरवर ७० डेसिबल हवे असतील, तर ५ मीटरवर बसलेल्यांना ९४ सोसावे लागतात. त्याऐवजी ४० मीटरवर मदतीचा स्पीकर लावा. मंचावरचा स्पीकर ६ डेसिबलने खाली आणता येतो, म्हणजे त्याला एक चतुर्थांश शक्ती पुरते.

पण केबलमधून संकेत जवळपास लगेच पोहोचतो, तर हवेतून ४० मीटर यायला आवाजाला सुमारे ११७ मिलिसेकंद लागतात. वेळ जुळवली नाही तर तिथल्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून मदतीच्या स्पीकरला ११७ मिलिसेकंद थांबवायचं आणि वर १० ते १५ आणखी द्यायचे. जो आवाज आधी येतो त्याच्याकडून आपला कान दिशा ठरवतो, त्यामुळे शब्द मंचावरूनच आल्यासारखे वाटतात. हे गणित २० अंशांच्या हवेचं आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४० अंशांना आवाज जरा जलद जातो. ४० मीटरला फरक चारच मिलिसेकंदांचा पडतो, पण अंतराबरोबर तो वाढतो. म्हणून मोठ्या मैदानावर मोजणी त्याच दिवशी करा.

शेवटी कायदा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधला ७५ डेसिबलचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण नियम म्हणतो, मैदानाच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल ते. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हद्दीवर ६५च. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. एकाच भिंतीएवढ्या स्पीकरने ६५ पाळणं कठीण. जागोजागी लहान, श्रोत्यांकडे झुकवलेले आणि वेळ जुळवलेले स्पीकर लावले तर ते जमतं.

येत्या गणेशोत्सवात साउंडवाल्याला किती वॅट आहेत हे विचारण्याआधी, मदतीचे स्पीकर कुठे लावणार आणि किती मिलिसेकंद थांबवणार, हे विचारा. मग स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि ऐका.

पुढच्या भागात बंद सभागृहातला घुमारा पाहू.