छर्रा कोठे थांबतो?

अमेरिकेत अनेक शेतकऱ्यांच्या घरी छऱ्यांची बंदूक असते. कोंबड्या आणि कोकरे पळवणाऱ्या कोयोटला, म्हणजे आपल्या लांडग्याच्या धाकट्या भाऊबंदाला, मारण्यासाठी ती वापरतात. काही जण घराच्या रक्षणासाठीही ती बाळगतात. तिच्यात कोणते काडतूस घालावे, हा प्रश्न मात्र बराचसा पदार्थविज्ञानाचा आहे.

काडतुसाच्या तळाशी ठिणगी पाडणारी टोपी असते. तिच्यापुढे दारू, मग एक गद्दी आणि शेवटी छर्रे. दारू पेटली की तप्त वायू गद्दीला रेटतात आणि सारे छर्रे सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने नळीबाहेर पडतात. हा वेग आवाजाच्या वेगाहूनही जास्त आहे!

छऱ्यांना क्रमांक असतात. ९ क्रमांकाचा छर्रा जेमतेम २ मिलिमीटर व्यासाचा, मोहरीएवढा. लहान पक्ष्यांसाठीच्या अशा काडतुसात ते शेकड्यांनी मावतात. मोठ्या जनावरांसाठीचा ‘दुहेरी शून्य’ छर्रा ८ मिलिमीटरहून थोडा मोठा. तो नेहमीच्या काडतुसात ८ किंवा ९च मावतो.

आता एक गणित करू. व्यास चौपट केला, तर छऱ्याचे वस्तुमान ४×४×४ म्हणजे ६४ पट होते. पण हवेला अडणारे त्याचे क्षेत्रफळ ४×४ म्हणजे १६ पटच वाढते. म्हणून हवा लहान छऱ्याला लवकर थोपवते, तर मोठा छर्रा आपला वेग दूरवर टिकवून धरतो. कोयोटसाठी मोठे छर्रे निवडतात ते याचसाठी. पण घरात हाच गुण घातक ठरतो. तिकडच्या घरांतील आतल्या भिंती पुष्कळदा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून केलेल्या असतात. मोठा छर्रा त्या भेदून शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचू शकतो.

छर्रे शिशाचे का करतात, तेही आता कळेल. शिसे पाण्याच्या ११.३ पट जड असते, पोलाद सुमारे ७.८ पट. आकार तोच, पण वजन जास्त. म्हणून शिसे हवेत कमी अडते.

परंतु शिसे विषारी आहे. दाणे दळण्यासाठी बदके बारीक खडे गिळतात. तळ्याच्या तळाशी पडलेले छर्रेही ती खडे समजून गिळतात. पेषणीत ते झिजतात, आम्लात विरघळतात आणि विष रक्तात उतरते. म्हणून अमेरिकेने १९९१ साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले.

कॅलिफोर्नियाच्या कॉंडॉर गिधाडाची कथा याहून गंभीर. १९८२ साली जगात अवघे २२ कॉंडॉर उरले होते. माणसाने ते पिंजऱ्यात वाढवले आणि १९९२ पासून पुन्हा मोकळे सोडले. पण शेतकऱ्याने मारून माळावर टाकलेला कोयोट त्यांचे अन्न. त्या मांसातील शिशाचे कण पोटात जातात आणि कॉंडॉर मरतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून वन्य प्राणी मारण्यासाठी शिशाची गोळी किंवा छर्रा वापरण्यास पूर्ण बंदी आहे.

आता पोलादी छर्रे मिळतात. पोलाद हलके, म्हणून ते शिशाच्या छऱ्यापेक्षा एकदोन क्रमांक मोठे घ्यावे लागतात. कारण मात्र तुम्हीच सांगा; वरच्या गणितात ते दडलेले आहे!